निसाडं कशाचं?

राजाराम तांबे भाजी घ्यायला रत्नागिरीच्या बाजारात गेले की निम्म्या बायका आधीच हसायला लागत. हा माणूस पिशवी पुढे करायच्या आधी प्रश्न पुढे करायचा.

"बाई, ही केळ्यांची फणी. मग फणीतलं हे शेवटचं, खुरटलेलं केळं, ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"ह्याला वर फुकट दिलेलं म्हणतात," एका बाईने एकदा सांगितलं होतं. तांब्यांनी तेही लिहून घेतलं आणि घरी येऊन खोडलं.

हा नाद त्यांना नोकरीत लागला. बी.कॉम. होऊन ते एका शाळेत कारकून म्हणून चिकटले आणि चौतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. बाकं, फळे, टेबलं, नकाशे अशा सगळ्या जडवस्तूंची नोंदवही त्यांच्याकडे असायची. एकदा एक बाक मोडला. नोंदवहीत लिहायला एकच ओळ होती: बाक, एक, मोडका. पण शिपाई रावजी म्हणाला, "मोडका कसा? तंगडी गेली. पाठ शाबूत आहे, फळी शाबूत आहे." तांबे त्या दिवशी घरी चालत आले आणि वाटभर विचार करत राहिले. खुर्चीला लोक पाय देतात, पाठ देतात, हात देतात, पण डोकं कोणी देत नाही. का देत नाही?

मग त्यांना सगळीकडे तेच दिसायला लागलं. फणसाचा गरा, लसणीची पाकळी, भाकरीचा चतकोर, भाताचं शीत, मिठाचा खडा, पाण्याचा थेंब. एकाचा शब्द दुसऱ्याला देता येत नाही. भाताचा खडा म्हटलं तर खाणारा दात चाचपेल. तुकडा हा शब्द सगळ्यांना चालतो, पण तो वापरणारा बहुतेक बाहेरचा असतो. ज्याचा एखाद्या वस्तूशी रोजचा हात लागतो, त्याच्याकडे तिच्या प्रत्येक अंशाला वेगळं नाव असतं. नारळाखाली जन्म काढलेल्या माणसाकडे झावळीच्या बुडापासून पातीतल्या काडीपर्यंत, म्हणजे हिरापर्यंत, दहा नावं असतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्याकडे एकच असतं, पान.

तांब्यांनी ठरवलं, आपल्या जिल्ह्यातली ही नावं गोळा करायची. कुठल्या अख्ख्या वस्तूच्या कुठल्या भागाला, कुठल्या गावात, कोण काय म्हणतं. हे १९९१ साल. त्यानंतर बत्तीस वर्षं दर रविवारी आणि शाळेच्या प्रत्येक सुट्टीत ते एस.टी.ने गावोगाव गेले. मंडणगडापासून राजापुरापर्यंत त्यांनी एकही तालुका सोडला नाही. खिशात शाळेच्या जुन्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूच्या कापलेल्या चिठ्ठ्या असत. ऐकलं की तिथेच लिहायचं. वेगळी वही ठेवली नाही. दोनदा लिहिलं की चुकायला दोनदा संधी, असं त्यांचं मत होतं.

नऊ हजार चिठ्ठ्या झाल्या.

फक्त एका बाबतीत त्यांना रिकाम्या हाती राहावं लागलं, तेही स्वतःच्या घरी. बौद्ध व्हायच्या आधी गावात मेलेलं ढोर ओढायचं काम त्यांच्या वाडीकडे होतं आणि त्याचा वाटाही तिकडेच यायचा. त्या वाट्यातल्या भागांची नावं आईला माहीत होती. तांब्यांनी विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "ते टाकलं आपण. खाणं टाकलं, ओढणं टाकलं. नावं तेवढी तू घरात आणतोस होय रे?" तांब्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यांनी 'ढोर' असं लिहून एक पुठ्ठा कापला, तो पेटीत जागेवर लावला आणि त्याच्यामागे काही ठेवलं नाही.

त्या पुठ्ठ्यांबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या घरात मागच्या खोलीत आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. पेटीत जाड पुठ्ठे उभे केलेले. कागदावर कागद खळीने चिकटवून तांब्यांनी ते स्वतः बनवले होते. प्रत्येक पुठ्ठ्यावर अख्ख्या वस्तूचं नाव: होडी, फणस, नांगर, जाळं, घर, सुरमई. त्याच्यामागे त्या वस्तूच्या भागांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर भागाचं नाव, तो कुठला भाग, कोणी सांगितलं, कुठे आणि केव्हा. वस्तूचं नाव चिठ्ठीवर नाही. ते पुठ्ठ्यावर आहेच. नोंदवहीत पानाच्या डोक्यावर 'बाक' लिहिलं की खालच्या प्रत्येक ओळीत पुन्हा बाक, बाक, बाक कोणी लिहितं का? क्रमांकही पुठ्ठ्यापुरते दिलेले. होडीची सातवी चिठ्ठी ७, फणसाची सातवीही ७.

म्हणजे होडीच्या पुठ्ठ्यामागची चिठ्ठी अशी असायची: '७. निसाडं. मागचा निमुळता भाग, खालच्या अंगाने. मजीद, राजापूर खाडी. मे ९६.'

किंवा ती होडीच्या मागची नसेलही. आता ते सांगता येत नाही.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने हा कोश छापायचं कबूल केलं. तिथल्या संपादक बाईंचं पत्र आलं: मार्चअखेर सगळं साहित्य द्या, एकेक नोंद खात्रीची हवी. कमलाबाईंनी नवऱ्याला पहिल्यांदाच हातात पत्र धरून खोलीभर फिरताना पाहिलं. "तेहतीस वर्षांनी बाळंत होताय, जरा बसा," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस धूळ नको, वाचन नको. कमलाबाईंनी मागच्या खोलीला कडी घातली.

कडी काढली ती सुनेने. तेजल मिरजोळ्याच्याच वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होती. यंत्रांच्या सुट्या भागांची नोंद ठेवणं हे तिचं काम. ती केर काढायला गेली तर पेट्यांमधून मातीच्या रेघा वर चढलेल्या. वाळवी. खळ लावलेले पुठ्ठे आधी खाल्ले होते. काहींची नुसती भुकटी उरली होती. चिठ्ठ्यांना मात्र अजून दात लागला नव्हता.

तिने चार दिवस रजा टाकली. सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या, अंगणात उन्हात घातल्या, एकेक झटकली. पेट्या आणि पुठ्ठ्यांचा भुगा परसात जाळला. प्लॅस्टिकचे झाकणाचे डबे आणले. आणि मग, बाबांना आणखी आनंद व्हावा म्हणून, रोज कामावरून आल्यावर बसून नऊ हजार चिठ्ठ्या 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत लावल्या.

पंधरा दिवसांनी तिने सासऱ्यांना हाताला धरून खोलीत नेलं. "डोळे मिटा बाबा. हां, उघडा."

सोळा पांढरे डबे. वर नीट अक्षरं: अ ते आ, इ ते ऊ.

"एकही चिठ्ठी गेली नाही," तेजल म्हणाली. "मोजून घेतल्यात. आता कुठलाही शब्द मागा, अर्ध्या मिनिटात काढते."

तांब्यांनी एक डबा उघडला. 'कणा, कणी, कणूर, कतार, कपाळ.' कणा पाठीचा, की छपराचा? कपाळ माणसाचं, की होडीचं, की नांगराचं? त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली, मग पुढची. नव्या डोळ्याने अक्षरं फार स्वच्छ दिसत होती.

"पुठ्ठे?" त्यांनी विचारलं.

"ते काय उरलेत! माती झाली होती नुसती."

"छान केलंस," तांबे म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी नवाला खोलीत जाऊन बसू लागले. चिठ्ठी घ्यायची, आठवायचं, कोपऱ्यात लाल शाईने वस्तूचं नाव लिहायचं. गरा: फणस. हीर: झावळी. करवंटी: नारळ. भराभर होत होतं. दिवाळीपर्यंत तीन हजारांवर लाल नावं चढली. मग हात मंदावला आणि एक दिवस थांबला. त्यांना कळलं होतं की जे तीन हजार शब्द जागेवर लागले, ते कुठल्याही छापील शब्दकोशात आहेत. त्यासाठी बत्तीस वर्षं एस.टी.त बसायची गरज नव्हती. जे सहा हजार उरले, तेच त्यांनी आणले होते. ते एकेका म्हाताऱ्याच्या तोंडून एकदाच ऐकलेले. लिहिलं की विसरायला हरकत नाही, ह्या भरवशावर ते निवांत विसरले होते.

'उभवण. आतली बाजू, खालून तिसरी.' कशाची? 'खुंगटी. टोक, मोडलं तर बदलतात.' कशाचं? आणि सांगणाऱ्यांतले बहुतेक गेले होते. काशीराम गेला. सदू गेला. त्यांनी सांगणाऱ्यांची यादी केली. एकशे चार नावं. त्यातली हयात सहा. सहापैकी दोघे माणसं ओळखत नव्हते.

ती यादी कमलाबाईंच्या हाती लागली आणि तेजलला हे त्यांच्याकडून कळलं. ती जेवता जेवता उठली आणि खोलीच्या दारात उभी राहिली.

"माझ्यामुळे झालं ना बाबा हे?"

"वाळवीने झालं."

"वाळवीने पुठ्ठे खाल्ले. चिठ्ठ्या जागेवर होत्या. मी नुसत्या तशाच उचलून ठेवल्या असत्या तर?"

तांब्यांनी चष्मा पुसला. ती म्हणत होती ते खरं होतं. "नाव वर एकदाच लिहिलं ते मी," ते म्हणाले. "तू जेव. भात निवतोय."

डिसेंबरात ते राजापूरला गेले. खाडीकाठचा मजीद सुतार त्या सहांतला सगळ्यात जाणता. त्याच्या एकट्याच्या दोनशे बारा चिठ्ठ्या होत्या. लाकडी होड्या बांधण्यात त्याची हयात गेली होती. आता होड्या फायबरच्या येतात आणि त्या साच्यातून अख्ख्या निघतात. मजीदच्या अंगणात होडी बांधताना खाली घालायची पायलाकडं तेवढी पडलेली होती, त्यांच्यावर त्याची बायको हमिदाबी कपडे वाळत घालत होती.

"या या तांबेसाहेब! अल्ला, केवढे उतरलात! डोळं केलंत काय?" मजीद खाटेवर उठून बसला. ऐंशी पार केलेला, पण आवाज अजून पाण्यावरून हाक मारायचा. "हमिदा, चाय टाक. आणि ते भानोलं आण."

मग गप्पा झाल्या. मुलगा फहाद कुवेतला कसा आहे, लेक उझमाचं दुसरं बाळंतपण, एस.टी.चा थांबा कुठे हलवला. तांब्यांनी मग पिशवीतून दोनशे बारा चिठ्ठ्या काढल्या.

"मजीदभाई, एकेक वाचतो. तुम्हीच दिलेले शब्द आहेत. कशाचा भाग ते तेवढं सांगा."

"वाचा की. आपलंच लेकरू, आपण वळखणार नाय काय?"

"निसाडं. मागचा निमुळता भाग, खालच्या अंगाने."

मजीदने डोळे मिटले. "निसाडं... होडीचं. होडीचंच."

 तांब्यांनी लाल शाईने लिहिलं, होडी.

"उभवण."

"ती पण होडीची. आत असते."

"खुंगटी?"

"वल्ह्याची. नाय, जाळ्याची. जाळ्याचीच लिहा."

असं तासभर चाललं. चहा दोनदा आला. दोनशेतल्या एकशे नव्वदांना मजीदने घर दिलं. तांब्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं, त्यांनी भानोल्याचा तुकडा मोडून खाल्ला. खाता खाता त्यांच्या लक्षात आलं की मजीद एकदाही 'आठवत नाही' म्हणाला नव्हता. ऐंशी वर्षांचा माणूस. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे शब्द.

त्यांनी हातातली चिठ्ठी बघायचं नाटक केलं आणि त्या क्षणी तोंडाला आला तो शब्द उच्चारला. असा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

"डोबरं."

"डोबरं?" मजीद हसला. "अहो, ते सुकाणूचं. वरचा गठ्ठू असतो ना, तो."

तांबे चिठ्ठीकडे बघत राहिले. त्या चिठ्ठीवर 'दोरखंड' लिहिलेलं होतं.

"काय झालं? लिहा ना," मजीद म्हणाला.

"लिहितो."

त्यांनी लिहिलं नाही. ते उठले, पाठीमागे हात धुवायला गेले. हमिदाबी तांब्या घेऊन आली. तिने पाणी ओतता ओतता त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही ओळखलंत काय?"

तांबे धारेखाली हात चोळत राहिले.

"त्यांना हल्ली काय सुदरत नाय. काल मला बहीण म्हणाले. पण तुम्ही येवढ्या लांबनं येष्टीनं आलात. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं परत लावायचं आमच्या घरात नाय हो. सासऱ्यांपासनं नाय." तिने पाणी थांबवलं. "तुमच्यावर जीव होता त्यांचा. तेव्हा पण असंच. तुम्ही गेलात की हसायचे. म्हणायचे, तांबेसाहेबाला आज पाच बोल हवे होते, माझ्याकडे तीन निघाले, दोन घडवून दिले. सुताराला काय, दोन फळ्या कमी पडल्या तर कापायच्या."

"तेव्हा पण?" तांब्यांनी विचारलं.

"तेव्हा पण," हमिदाबी म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. तुमचा चेहरा असा फुलायचा ना, लिहिताना."

निघताना मजीदने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "पुस्तक झालं की माझं नाव घालणार ना?"

"घालणार," तांबे म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांनी खिडकीची जागा घेतली. पिशवी मांडीवर होती. ते हिशेब करायला लागले की दोनशे बारांत घडवून दिलेले किती, आणि तो हिशेब सुरूच होईना. निसाडं हे अडीचशे वर्षांचं जुनं नाव असेल किंवा मे महिन्यातल्या एका दुपारी एका भल्या माणसाने पाहुण्यासाठी बनवलेलं असेल. दोन्हींवर तेच अक्षर, तीच शाई, तोच क्रमांक. आणि हे नुसतं मजीदचं नव्हतं. दारात आलेल्याला रिकामं न पाठवणारी घरं ह्या जिल्ह्यात काय एकच होती? काशीराम तर जेवल्याशिवाय सोडायचा नाही. सदूने जाताना झाडावर चढून नारळ उतरवला होता. एकशे चार माणसं, आणि त्यांच्यातल्या एकानेही तांब्यांना बत्तीस वर्षांत 'मला माहीत नाही' असं सांगितल्याचं त्यांना आठवेना. ह्याचा त्यांना तेव्हा किती अभिमान होता! आपल्या माणसांकडे सगळ्याला शब्द आहे, असं ते शाळेत मास्तरांना सांगत.

लांजा गेलं, पाली गेली. शेजारचा प्रवासी त्यांना दोनदा म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "बरं आहे."

आई तेवढी नाही म्हणाली होती.

घरी आले तेव्हा सहा वाजले होते. मागच्या खोलीत तेजल फरशीवर बसलेली, भोवती चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. कमलाबाई तिच्यासमोर चहाचा कप घेऊन.

"या," कमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या सुनेचं डोकं बघा. कारखान्यातली माणसं उगाच नाही तिला ठेवून घेत."

"बाबा, बसा. चिठ्ठी उलटी करून बघितलीत कधी?" तेजलचे केस सुटले होते, गालाला शाई लागली होती. "मागे शाळेचा फॉर्म छापलेला आहे. एका फॉर्मच्या तुम्ही आठ चिठ्ठ्या कापायचात. बरोबर? आणि त्या ओळीने वापरायचात. मग एका फॉर्मच्या आठ सापडल्या तर त्या बहुतेक एकाच फेरीतल्या, एकाच वस्तूच्या. त्यातली एक जरी गऱ्यासारखी ओळखीची असली, की बाकीच्या सात आपोआप लागल्या! हे बघा."

तिने आठ चिठ्ठ्या उलट्या जुळवून ठेवल्या होत्या. कात्रीच्या कडा एकमेकींत बसत होत्या. मधून 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव' ही ओळ तुटता तुटता सलग गेली होती.

"आजच्या दिवसात तेवीस फॉर्म जुळले. सगळे नाही जुळणार, पण चार हजार तरी नक्की लागतील." ती त्यांच्याकडे वर बघत होती. महिनाभरात तिने त्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती. "चालेल ना असं? पद्धत बरोबर आहे ना?"

पद्धत बरोबर होती. तांब्यांच्या उभ्या आयुष्यात इतकी चोख पद्धत त्यांनाही सुचली नव्हती. ते पिशवी धरून दारात उभे होते आणि एक वाक्य त्यांच्या तोंडाशी आलेलं होतं.

"मजीदभाईंनी सांगितले का?" तिने विचारलं.

"सांगितले," तांबे म्हणाले. "जवळजवळ सगळे."

"बघा! मग संस्थेच्या बाईंना कळवू ना, मार्चपर्यंत होईल म्हणून?"

"कळव."

तेजलने फरशीवरच्या चिठ्ठ्या बाजूला सारून त्यांच्यासाठी जागा केली. ते गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले. तिने पुढचा तुकडा उचलला, कडेला कड लावली आणि विचारलं, "ही इथली ना?"

त्यांनी कड पाहिली. शब्द पाहिला नाही.

"इथलीच," ते म्हणाले.